पाळकसाहेबांच्या गाडीतले तीन बर्थ

आमच्यात जिवंत माणसाला निजवून त्याचं माप घेत नाहीत. आमच्यात म्हणजे शिरूरच्या ख्रिस्ती वस्तीत, आणि आमच्या घरात तर जास्तच, कारण माझे वडील वस्तीतले एकटे सुतार. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही आबाच म्हणे. दारं, खिडक्या, बाजा, पाळणे हे त्यांचं रोजचं काम, आणि वस्तीत कुणी गेलं की दफनाची पेटी. बाजेसाठी कुणाची उंची हवी असली तर आबा त्याला चौकटीशी उभं करून वितीनं मोजत. पाळण्यासाठी ते मूल बघतही नसत. बाळाच्या आईला विचारत, "कुशीत घेतल्यावर पाय कुठवर येत्यात?" ती हातानं दाखवी तेवढा पाळणा करत.

काठी लागे ती फक्त पेटीला. सागाची, माणसापेक्षा थोडी लांब, पटाशीनं पाडलेल्या खाचांची. आबा ती आढ्याला खोचून ठेवत. वस्तीत रडण्याचा आवाज झाला की ते आधी तोंड धुत, टोपी घालत आणि मग काठी खाली काढत. काठी घेऊन आबा रस्त्यानं निघाले की बायका पोरांना घरात घेत. आम्ही मुलं इतर काहीही खेळायचो, पण त्या काठीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. माझ्या धाकट्या भावाला विषमज्वर झाला. मिशनच्या दवाखान्यातलं औषध चालू होतं, पण ताप उतरत नव्हता. आमच्या शेजारी बांगड्या विकणारी एक मुसलमान म्हातारी राहायची. आई तिला खाला म्हणे. तिनं कुठल्याशा दर्ग्यातून एक ताईत आणून आईच्या हातात ठेवला. आई घाबरून आबांकडे बघायला लागली. आबांनी स्वतः तो काळ्या दोऱ्यात ओवला आणि भावाच्या दंडाला बांधला.

"औषध प्रभूचं, दोरा खालाचा, पोरगं आपलं," ते म्हणाले. "कशानं का हुईना, उठू दे."

तो उठला नाही. आबांनी काठी काढली, पोराचं माप घेतलं, आणि पेटी करायला बसले. मी रंधा धरायला गेलो तर म्हणाले, "तू नगं."

पाळकसाहेब प्रार्थनेला आले तेव्हा भावाला आंघोळ घालून पांढरा सदरा घातला होता. बाही वर सरकली होती आणि दोरा तसाच होता. तो काढायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. पाळकसाहेबांनी विचारलं, "हे कुणी बांधलं?"

"मी," आबा म्हणाले.

मग जे झालं ते मी असंख्य वेळा मनात उगाळलं आहे. पाळकसाहेब बाहेर गेले, अंगणासमोरच्या आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याला दोऱ्यात प्रभूपेक्षा जास्त ताकद वाटते, त्यानं आधी मंडळीपुढं उभं राहून पाप कबूल करावं. तोवर मी दफनविधीचं पुस्तक उघडणार नाही."

चैत्रातलं ऊन होतं. पेटी अंगणात दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेली. लोक कुजबुजत होते, मंडळीच्या पंचांपैकी कुणी पुढं येत नव्हतं. आबा बराच वेळ पेटीपाशी उभे राहिले, तिच्यावर आलेली सावली सरकली तशी ते तिच्यावर घातलेली आपली चादर उन्हाच्या बाजूला ओढत राहिले. शेवटी ते पायरीशी गेले.

"चुकलो, साहेब."

"मला नाही. मंडळीला सांग."

आबा वळले. वस्तीतलं एकही घर असं नव्हतं की ज्याचं दार त्यांनी केलं नव्हतं. त्या सगळ्यांसमोर ते मान खाली घालून म्हणाले, "चुकलो." मग पुस्तक उघडलं गेलं.

आबांनी या गोष्टीचा पुन्हा उल्लेख केला नाही. रविवारी देवळात जाणं त्यांनी सोडलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून पाळकसाहेबांचा सूड घ्यायचा हे ठरवलं. लहान होतो तोवर त्यांच्या सायकलची हवा सोड, त्यांच्या परसातल्या पपया दगडानं पाड असले उद्योग केले. त्यानं पोट भरत नव्हतं. मला त्यांच्या तोंडून एकच शब्द हवा होता, जो त्यांनी आबांच्या तोंडून काढला होता, आणि तोही सगळ्यांसमोर.

पुढं मी दौंडला रेल्वेत लागलो. डब्यांच्या दुरुस्तीत सुतार. तुटलेली बाकं, अडकणारी दारं, झोपायचे बर्थ, त्यांच्या साखळ्या आणि बिजागऱ्या हे माझं काम. कॉलनीत क्वार्टर मिळालं, लग्न झालं. राग कमी होईल असं वाटलं होतं. तो कमी झाला नाही, फक्त सवयीचा झाला. मी मनातल्या मनात पाळकसाहेबांशी भांडत रंधा मारायचो. माझ्या बरोबरीचे म्हणत, "ह्या गड्याला काम चढतं." त्यांना काय माहीत मला काय चढलेलं असायचं!

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर एका संध्याकाळी पाळकसाहेब आपण होऊन माझ्या क्वार्टरच्या दारात आले. केस पिकले होते, बाकी तसेच. मिशनला एक जुनी पेट्रोलवरची बस मिळाली होती. तिच्यात घर करायचं होतं. सुगीनंतर शिरूरपासून दौंडपर्यंतच्या गावांतून ती फिरवायची, औषधं द्यायची, रात्री पडद्यावर चित्रं दाखवून प्रवचन करायचं, असा बेत होता. त्यांची बायको आणि तीन मुलं त्यांच्यासोबत त्या गाडीतच राहणार होती.

"मुलांना झोपायला पक्के बर्थ हवेत, गाडीच्या अंगातच बसवलेले," ते म्हणाले. "रेल्वेत तुझं नाव ऐकलं. आपला माणूस असताना परक्याला कशाला बोलवायचं?"

बायकोनं चहा दिला. चहा पिताना त्यांनी घराकडे बघितलं आणि कौतुकानं म्हणाले, "आबांचं नशीब चांगलं. एकुलता एक मुलगा, पण सरकारी नोकरीला लागला. तू एकुलता एकच ना रे?"

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. "हो, साहेब," मी म्हणालो. "एकुलता एक."

ज्या माणसाला मी दहा वर्षं रोज आठवत होतो, त्याला आमच्या घरातलं ते मरण आठवतही नव्हतं. तोवर माझा सूड हे नुसतं बोलणं होतं. त्या घटकेला त्याला हातपाय फुटले. मी म्हणालो, "येतो, साहेब. रजा काढून येतो."

शिरूरला गेलो तेव्हा आबा वरवंडला एका बागाइतदाराच्या घराच्या कामावर गेले होते. ते योगायोगानं नव्हते, की ते नाहीत हे कळल्यावरच मी गेलो, हे आता मलाही नीट सांगता येत नाही. मला वाटतं कळल्यावरच गेलो.

बस मिशनच्या आवारात कडुनिंबाखाली उभी होती. आतली बाकडी काढून टाकलेली, तळाच्या फळ्या उघड्या, पत्र्याला जागोजाग गंज. गाडी चालवायला शिरूरचाच एक मुसलमान ड्रायव्हर ठेवला होता. आयुष्यभर ट्रक हाकलेला, पान खाणारा, सगळ्यांचा चाचा. मी मागच्या बाजूला आडव्या फळ्या धरून बघायला लागलो, रेल्वेच्या डब्यात असतात तशा, तर तो खिडकीतून डोकावला.

"मिस्त्री, ही रेल न्हाई. आडवं बांधताय व्हय? न्हावऱ्याच्या उतारावर म्या ब्रेक मारला की पोरं टोपलीतल्या वांग्यावानी गडगडत म्होरं येतील."

"मग?"

"गाडीच्या लांबीत बांधा. आन् कडंला फळी लावा चांगली वर. रेल रुळावर चालती, तिला काय! आमचा रस्ता म्हंजी खड्ड्याला खड्डा लागून."

चूक माझीच होती. रेल्वेत बर्थला कठडा लागत नाही, म्हणून माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण चाचाचं बोलणं ऐकता ऐकता माझ्या मनात दुसरंच काही जुळत गेलं. कडेला उंच फळ्या. चारही बाजूंनी. मुलाच्या मापाच्या. मला पुढचं सगळं एकदम दिसलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी चाचाला स्वतःहून विडी दिली.

दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मी आढ्यावरची काठी काढली. आई मळ्यात गेली होती.

पाळकसाहेबांची मुलं बसभोवतीच खेळत होती. मोठी मुलगी दहाएक वर्षांची, तिच्या पाठचा एक मुलगा, आणि एक अगदी लहान, बोबडा. वरचा बर्थ कुणाचा यावरून त्यांचं सकाळपासून भांडण चाललं होतं.

"वर मी. मी मोठी आहे."

"मोठे खाली झोपतात. वर हलके झोपतात, हो ना मिस्त्रीमामा?"

"मी ड्लायव्हलजवळ," बोबडा म्हणाला.

पाळकसाहेब पंचांपैकी दोघांना घेऊन काम दाखवायला आले तसं मी तळावर एक फळी टाकली आणि मुलांना हाक मारली. "या, एकेकानं निजा इथं. माप घेतो." काठी मी उजेडात धरली होती. पंचांनी ती पाहिली. त्यातल्या एकाच्या घरी ती गेल्याच पावसाळ्यात गेली होती. दोघांनीही माना वळवल्या.

मोठी मुलगी हसत येऊन निजली. मी तिच्या डोक्याशी काठीचं टोक लावलं आणि आबा म्हणत तसं मोठ्यानं म्हणालो, "डोकं हितं. टाच हितं."

पाळकसाहेबांच्या बायकोला आम्ही बाई म्हणत असू. नगरकडच्या, फार न बोलणाऱ्या. त्या चहाचं तबक घेऊन पायरीवर चढल्या आणि तिथंच थांबल्या. तबक त्यांनी तसंच ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं.

"ऊठ," त्या मुलीला म्हणाल्या. "ऊठ आधी! ऊठ म्हणते ना!"

मुलगी गोंधळून उठून बसली.

"ही काठी इथं कुणी आणली?" त्यांनी मला विचारलं.

"मी आणली, बाई. लांबी अचूक येती हिनं."

"तुला माहीत नाही ही कशाची ते? सुताराचा पोरगा तू!"

मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पाळकसाहेबांकडे पाहिलं. दहा वर्षं घोकलेलं वाक्य होतं ते, पण ऐन वेळी आवाज अगदी साधा निघाला. "साहेब, दोऱ्यात काही नसतं असं तुम्हीच सांगितलंत आमच्या आबांना. मग काठीत काय असणार?"

त्यांना लगेच कळलं नाही. आधी ते नुसते वैतागलेले दिसले. मग त्यांनी काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावरचा रंग गेला. त्यांना आठवलं होतं. मी ते आठवणं डोळे भरून पाहिलं. त्याहून गोड गोष्ट मी तोवर चाखली नव्हती, हे लिहितानाही मी खोटं बोलणार नाही.

त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की राहू दे, मला भीती वाटते. मी काठी खाली टाकली असती. पण पंच उभे होते. आणि त्यांची सगळी हयात ज्या बोलण्यावर उभी होती, ते बोलणं त्यांच्यापुढं आडवं आलं होतं.

"काठी लाकडाची आहे," ते म्हणाले. "घेऊ दे माप."

"तुमचा विश्वास तुमच्यापाशी ठेवा," बाई म्हणाल्या. "पोरं माझी आहेत."

"मुलांच्या देखत असं बोलू नये."

"मग मुलांच्या देखत हे बघता कसं तुम्ही?"

"पप्पा, मी निजू का उठू?" मुलीनं विचारलं.

"नीज, बाळ," ते म्हणाले.

मी तिघांचं माप घेतलं. सावकाश घेतलं. दर खेपेला डोकं हितं, टाच हितं म्हणालो. सगळ्यात धाकट्याला काठीच्या गुदगुल्या झाल्या, तो खिदळायला लागला. बाई बसमधून उतरून गेल्या. पाळकसाहेब शेवटपर्यंत उभे राहिले, मागे बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट रुतवून. तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. मला फक्त अंगणात चादर ओढत उभे असलेले आबा दिसत होते.

मग मी बर्थ केले. असं काम मी रेल्वेतही कधी केलं नव्हतं. डाव्या अंगाला एकावर एक दोन, वरचा साखळीवर उचलून भिंतीला लावायचा. उजव्या अंगाला सामानाच्या पेटाऱ्यावर एक, धाकट्याचा. कडेच्या फळ्या चाचानं सांगितल्या त्याहून उंच घेतल्या, आणि कोपऱ्यांना आबा पेटीला घालतात तोच जोड घातला, दात एकमेकांत बसवून, खिळ्याशिवाय. डोक्याकडे रुंद, पायाकडे किंचित निमुळते. रंधा मारून वर तेल दिलं. पूर्ण झाल्यावर बसच्या दारातून आत पाहिलं की तीन झाकणं नसलेल्या पेट्या दिसत. कुणी नावं ठेवू शकत नव्हतं. मुलं पडू नयेत म्हणूनच तर फळ्या होत्या.

चाचा आत आला, पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही. "मिस्त्री," तो म्हणाला, "माझं आयकून कठडा लावला म्हणू नका हां कुणाला."

बस फिरायला निघाली. मी दौंडला परत आलो. महिन्याभरानं चाचा कॉलनीत आला, गाडी दौंडच्या बाहेर मुक्कामाला होती. मी उतावीळपणे विचारलं, पोरं झोपतात का?

"कुठलं! बाई न्हाई झोपू देत. सतरंजी टाकून खाली निजवती तिघांला. आन् साहेब सोता निजतो त्या खालच्या फळीवर. गुडघं पोटाशी घेऊन. ह्यात काय बी न्हाई म्हणून दाखवायला. सकाळी उठतो तवा कंबर धरून चालतो बिचारा."

मी हसलो. पोट धरून हसलो. पुढं कितीतरी दिवस मी कामावर पाळकसाहेब बर्थमध्ये कसे निजतात त्याची नक्कल करून दाखवत असे. बायको एकदा म्हणाली, "त्या बाईचं काय हो चुकलं होतं?" मी म्हणालो, "तू यात पडू नको."

नाताळाला शिरूरला गेलो तेव्हा घरात आढं मोकळं दिसलं. आबा ओट्यावर बसले होते. मी पाया पडलो तर त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

"माझ्यासाठी केलंस म्हणं," ते म्हणाले.

"व्हय, आबा."

"मला इचारलंस?"

मी हातातली पिशवी ओट्यावर ठेवली.

"त्यानं जे केलं ते मोठ्या माणसाशी केलं. तू पोरांवर काठी फिरवलीस." एवढं बोलून ते उठून गेले. बाकीचं आईनं चुलीपाशी बसून सांगितलं. वस्तीत सगळीकडे झालं होतं. सुताराच्या घरानं जित्या पोरांवर काठी धरली, असं लोक बोलायला लागले होते. एका घरानं पाळणा सांगितला होता, तो त्यांनी घोडनदीच्या बाजारातून विकत आणला. आबांनी दारात येऊ नये म्हणून एका म्हातारीनं आजारी सुनेच्या खोलीला कडी लावली. माझ्या सुडापायी माझ्याच बापापुढं दारं बंद होत होती, आणि तीही त्यांनीच केलेली.

बस मुक्कामाहून परत आली तेव्हा आबा करवत घेऊन गेले होते. त्यांनी कडेच्या फळ्या अर्ध्यावर कापल्या, वरच्या कडा गोल केल्या, मधे गज बसवले, बाळाच्या पाळण्याला असतात तसे. पायाकडचा निमुळतेपणा काढायला तिन्ही बर्थ उकलून पुन्हा जोडले. मग बाईंना म्हणाले, "बाई, आता निजवा लेकरांला. दोष असंल तर माझ्या काठीचा. आन् काठी म्या चुलीत घातली." बाई म्हणे खूप रडल्या. त्या दिवसापासून मुलं बर्थमध्ये झोपू लागली.

"काठी जाळली?" मी विचारलं.

"जाळली." आई चुलीतल्या निखाऱ्यांकडं बघत होती. "तिच्यावर आपल्या बारक्याची खाच व्हती रं. त्याच्या उंचीची. त्यास्नी वाटायचं मला म्हाईत न्हाई. कवा कवा काठी पुसताना अंगठा फिरवायचे तिच्यावर."

भावाचा फोटो आमच्याकडे नव्हता. कपडे त्याच्याबरोबर गेले. तो केवढा होता हे सांगणारी तेवढी एकच खूण घरात होती, आणि मी ती चुलीत घालायला लावली.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी नाही थांबलो. मी परतीच्या गाडीत बसून हिशेब मांडला तो असा की ती खाचही पाळकसाहेबांमुळेच जळाली. त्यांनी तेव्हा पुस्तक उघडलं असतं तर यातलं काही झालं नसतं. स्वतःचा अपराध दुसऱ्याच्या अंगावर ढकलला की राग कसा ताजा होतो, ते मला तेव्हा कळलं. कळूनही मी तो राग जपला.

उन्हाळा लागता लागता पाळकसाहेब दौंडला माझ्या दारात आले. एकटेच होते. मी दारात उभा राहिलो, बाजूला झालो नाही. आत बायकोनं त्यांचा आवाज ओळखून चहाचं आधण ठेवलेलं मला ऐकू आलं.

"मी आत येत नाही," ते म्हणाले. "एक विचारायला आलो. माझी बदली होते आहे. जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी देवळात उभं राहून मला मंडळीपुढं बोलायचं आहे. तुझ्या भावाच्या दिवशी मी जे केलं त्याबद्दल. आबांनी ज्या मंडळीपुढं सांगितलं, तिच्यापुढंच."

मी चौकटीवर आडवा हात टेकवला.

"आबा नेहमीच्या जागी बसलेले असतात. पण त्यांना आधी न सांगता हे करणं म्हणजे पुन्हा त्यांना सगळ्यांसमोर पकडल्यासारखं होईल. आणि त्यांच्याकडे जायला माझे पाय उचलत नाहीत. तू त्यांना सांग. ते, आई आणि तू, तिघं पुढच्या बाकावर बसा. मग मी बोलेन. तुम्ही पुढं दिसला नाहीत तर मी समजेन की त्यांना ते नको आहे, आणि गप्प राहीन."

तेरा-चौदा वर्षांचा असल्यापासून मी याच गोष्टीची वाट पाहत होतो. शब्द तोच, देऊळ तेच, लोक तेच. ते माझ्या उंबऱ्यावर येऊन माझ्या हातात देत होते. आणि मला दिसलं की ते बोलले की मोकळे होतील. रात्री गुडघे पोटाशी न घेता झोपतील. बदलीच्या गावी ताठ मानेनं जातील. मला ते नको होतं. मला ते तसेच हवे होते, कंबर धरून चालणारे.

"तेव्हा तुम्ही रविवारची वाट पाहिली नव्हती, साहेब," मी म्हणालो. "आता कशाला थांबता?"

"रागाव. तुझा हक्क आहे. पण सांगशील ना आबांना?"

"सांगतो की."

"नक्की?"

"सांगतो म्हणालो ना."

ते निघायला वळले. "बर्थ फार चांगले केलेस," ते म्हणाले. "धाकटा तर दिवसाही त्यातून निघत नाही." मग कॉलनीच्या रस्त्यानं स्टेशनाकडे निघाले.

मी आबांना सांगितलं नाही. त्या रविवारी नाही, नंतरही नाही. आबा त्या रविवारी देवळात होते, नेहमीसारखे मागच्या बाकावर, खांबाच्या आड. पाळकसाहेबांनी पुढच्या बाकाकडे किती वेळा पाहिलं असेल, ते मला माहीत नाही, मी तिथं नव्हतो. नेहमीची उपासना झाली, निरोपाची चार वाक्यं झाली, आणि बदलीच्या गावी सामान गेलं. आबा पुढं वीस वर्षं जगले. वस्तीत त्यांना पुन्हा काम मिळायला लागलं, पेट्याही ते सुतळीनं माप घेऊन करत राहिले. पण मंडळीपुढं वाकलेली त्यांची मान मंडळीपुढं सरळ व्हायची एक संधी आली होती, आणि ती कुणी आणली होती, कुणी घालवली, हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. त्यांच्यासाठी म्हणून जे मी सुरू केलं, ते शेवटी मी त्यांच्याकडूनच हिसकावून घेतलं. शेवटच्या आजारात त्यांच्या उशाशी बसून मी दोनदा तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा पाणी हवं का एवढंच विचारलं.

खरं सांगायचं तर पाळकसाहेब पाठमोरे चालत गेले त्या क्षणाची आठवण झाली की मला आजही आधी बरं वाटतं. लाज त्यानंतर येते.

त्या दिवशी ते वळणापलीकडे गेल्यावर मी आत आलो. बायकोनं दोन कप भरून ठेवले होते.

"गेले? चहा टाकला होता त्यांच्यासाठी. कशाला आले होते?"

"काही नाही. जाता जाता डोकावले," मी म्हणालो, आणि दोन्ही कप मीच प्यालो.